हजार दिवे आणि एक सरी

"अण्णा, तुम्ही ज्या कॉलेजात शिकवायचात ते ब्लॅक लोकांचं होतं, म्हणून आपल्या घरात त्याचं नाव घेत नाहीत का?"

प्रश्न विचारला आणि मी हातातल्या दिव्याची प्लास्टिकची पट्टी ओढली. दिवा लागला. हॉलमध्ये बसलेल्या बाकी सगळ्यांचे हात मात्र थांबले.

खरं तर प्रश्न अर्धाच माझा होता. हुई मिन आणि नादिया या माझ्या मैत्रिणींनी शाळेसमोर बबल टी पिताना मला डेअर दिलं होतं. "सगळ्यांसमोर विचारायचं लाह," हुई मिन तिच्या सिंगापुरी सुरात म्हणाली होती, "एकटं गाठून विचारलंस तर चीटिंग." नादियाने पैज लावली की मी 'अण्णा' एवढं म्हणेन आणि मग पाणी प्यायला उठेन. मागच्या वर्षीची मी तेच केलं असतं. पण मागच्या वर्षीची मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझ्या आजोबांचं, अण्णांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला हजार दिव्यांनी ओवाळायचं. पण शिरीषकाकाच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये ज्योत पेटवायला परवानगी नाही, म्हणून काकाने बॅटरीचे दिवे मागवले. एकतर ते चुकून त्याच्या बुकित पंजांगच्या पत्त्याऐवजी आमच्या पुंगोलच्या पत्त्यावर आले. वर प्रत्येकाच्या बुडाला एक चिमुकली पट्टी. ती ओढायची, दिवा लागतो का बघायचा, बंद करायचा, खोक्यात टाकायचा. त्यातही मधूनच एखादा लाल-हिरवा-निळा लुकलुकायला लागायचा, कारण काकाने ऑर्डर देताना दोन प्रकारांवर बोट ठेवलं होतं.

"डिस्को," असं म्हणून आई तसले दिवे सोफ्याखाली ढकलत होती. जेवण झाल्यापासून आम्ही हेच करत होतो. सगळ्यांची नखं दुखायला लागली होती. बाबाच्या बँकेत, चांगी बिझनेस पार्कला, त्या वीकेंडला नवी सिस्टीम चालू होणार होती. त्याचा एक डोळा लॅपटॉपवर होता आणि दुसरा मिटत होता. काका-काकू एलआरटी, मग एमआरटी, मग परत एलआरटी अशा गाड्या बदलत सिंगापूर बेटाच्या त्या टोकाहून या टोकाला आले होते. आईने पुरणपोळीवाल्या बाईंना चौथ्यांदा फोन करून नाद सोडला होता. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते अण्णा आरामखुर्चीत बसून दिवे मोजल्यासारखं करत होते, पण मोजत नव्हते.

"जाई!" सुनेत्राकाकू पहिली बोलली. "काय बोलणं हे! उद्या त्यांचा दिवस आहे."

"म्हणून तर आज विचारतेय."

"तुला कोणी सांगितलं हे?" काकाने विचारलं. त्याचा आवाज वाढला नव्हता. काका चिडला की त्याचा आवाज खाली जातो.

"अण्णांनीच."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "तिनं विचारलं. मी सांगितलं."

तसंच झालं होतं. जानेवारीत कॉरिडॉरमधल्या कुंड्या बदलताना अण्णांनी ओली माती चिमटीत घेऊन अंगठ्याने पुढे सरकवत तिची फीत काढली होती. फीत लवकर तुटली. "रेताड आहे," म्हणाले. मी विचारलं, हे कुठे शिकलात. त्यांनी सांगितलं, अलाबामात, हॉथॉर्न ए अँड एमला, म्हणजे तिथल्या शेतकी आणि यांत्रिकी कॉलेजात. मी विचारलं, ते कुठलं. आणि मग ते जे सांगत सुटले! माझे पाय मुंग्यांनी भरले तरी मी उठले नाही. काकू लांबून ओरडली होती, "उन्हात बसत जाऊ नकोस गं, आधीच अण्णांच्या वर्णावर गेलीयस." तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो होतो.

त्याच रात्री मी हॉथॉर्नचा अर्ज भरायला घेतला. माती आणि पिकांच्या कोर्सचा. आईबाबांना वाटत होतं, अमेरिकेतले अर्ज मी मैत्रिणी करतायत म्हणून करतेय. त्यांच्या लेखी मी इथेच अकाउंटन्सीला जाणार होते. तिथे सीट मिळाली होती आणि आईचे व्हॉट्सअ‍ॅपवर पेढ्यांचे फोटोही टाकून झाले होते. हॉथॉर्नची ईमेल येऊन तीन आठवडे झाले होते. प्रवेश होता, फीमध्ये बरीच सूट होती, आणि होकार कळवायला थोडेच दिवस राहिले होते. हे फक्त हुई मिन आणि नादियाला माहीत होतं.

"काका, तू मानपत्रात लिहिलंयस," मी फोन उघडून वाचलं, "'अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठात आपण अनेक वर्षे अध्यापन केलेत.' एका म्हणजे कुठल्या?"

"एका म्हणजे एका."

"पण उद्या वाचायचंय मला! मराठी मंडळातल्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

"कोणी विचारत नाही. मानपत्र आहे ते. लोक जेवणाची वाट बघत असतात."

हे खरं होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला. "लपवतो ना आपण?"

"लपवायचं काय त्यात," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या... नाही, आता ट्रॅक पँटच्या कडेला पुसला. सवय जुनीच. "सुरुवातीला मी सांगायचो. पुण्यात आलो तेव्हा प्रत्येकाला सांगायचो. समोरचा म्हणायचा, 'हो का', आणि पावसाचं बोलायला लागायचा. कुणी विचारायचं, दुसरीकडे मिळालं नाही का? मग मी पुन्हा पहिल्यापासून समजावायचो. एकदा, दोनदा, दहादा. पुढे दमलो. दमलेला माणूस गप्प बसला की लोकांना वाटतं, लाजतोय."

"समजावायचं तरी काय होतं?" आईने विचारलं. ती परत पट्ट्या ओढायला लागली होती.

मला राहवलं नाही. "आई, ऐक ना! १८६२ साली तिथल्या सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, की त्या विकून शेतकी शिकवणारी कॉलेजं काढा. पण दक्षिणेत काळ्या मुलांना तिथे घेतच नव्हते. मग १८९० साली दुसरा कायदा झाला. एकतर त्यांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. तर राज्यांनी काय केलं माहितीये?"

"वेगळं काढलं," बाबा लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला.

"आणि पैशाच्या वेळी हात आखडला," अण्णा म्हणाले. "एकाच राज्यात दोन शेतकी कॉलेजं. एकाचे गोठे आमच्या लायब्ररीपेक्षा चांगले होते."

"ही विकिपीडिया कोणीतरी बंद करा," काका म्हणाला.

बाबा हसला आणि लगेच हसू आवरलं. तो अजून काकाच्या बाजूने होता. आईसुद्धा. काकू तर होतीच. सहा माणसांत माझ्या बाजूने एकटे अण्णा, आणि त्यांना बाजू घेण्यात काडीचा रस नव्हता.

"अण्णा, सरीची गोष्ट सांगा ना यांना."

"अगं, दमले सगळे."

"म्हणूनच सांगा. हात चालू राहतील."

अण्णांनी एक दिवा उचलला. पट्टी त्यांना नखात धरता येईना. काकूने तो हातातून घेतला, ओढून दिला आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मी नवीन होतो," ते म्हणाले. "मोठ्या विद्यापीठातून पीएचडी करून आलेला. कॉलेजात एक मिस्टर बेल होते. त्यांचं काम वर्गात शिकवायचं नव्हतं, शेतावर जायचं होतं. कॉलेजात जे कळलं ते लहान शेतकऱ्याच्या बांधावर न्यायचं. काळ्या शेतकऱ्याला सरकारी ऑफिसात कोण उभं करत नव्हतं, कर्ज तर लांबच. त्याच्याकडे जाणारे हेच. तर बेल मला मिसेस हॅटी म्हणून एक बाई होत्या, त्यांच्याकडे घेऊन गेले. भुईमूग लावायच्या. शेंगा पोचट निघायच्या. मी टेबलाशी बसल्या बसल्या सुरू केलं, तुमच्या मातीत चुना कमी आहे. बेलनी टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ घातली!"

"लाथ?" काकूने विचारलं.

"बूट होता तो. आधी जेवलो. मका, भेंडी, काहीतरी तळलेलं. मी शाकाहारी, तर त्यांनी मला भेंडी दोनदा वाढली. मग बेल म्हणाले, 'मॅम, तुमच्या शेतातली एक सरी आम्हाला द्या. बाकीच्या तुमच्या पद्धतीनं चालू देत. ही एक आमच्या पद्धतीनं. शेजारी शेजारी.' बस. उपदेश नाही, काही नाही. बाईंनी पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहिलं आणि एक सरी दिली."

"मग? तुमची सरी जोरात आली असणार," आई म्हणाली.

"वाळून गेली."

बाबाने लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं. "काय?"

"पाऊसच झाला नाही. त्यांच्या सऱ्यांत थोड्या तरी शेंगा होत्या, माझ्या सरीत त्याही नाहीत. मला तिकडं जायची लाज वाटत होती. बेल म्हणाले, जावंच लागेल, गाडीत बस. गेलो. बाईंसमोर उभं राहून म्हटलं, माझी सरी पडली. त्या म्हणाल्या, बघितलं मी. आणि पुढच्या वर्षासाठी तीच सरी परत दिली. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, 'सांगायला पुष्कळ लोक येतात. पडलेलं बघायला परत आलेला तू पहिला.'"

सोफ्याखालचे डिस्को दिवे आपले लुकलुकत होते.

मला वाटलं, झालं! जिंकलो! मी उडी मारून उठले. "काका, मला एक सरी दे."

"काय देऊ?"

"मानपत्रात एक परिच्छेद. तुझा आहे तसा राहू दे. माझा शेजारी. दोन्ही वाचून दाखवते, मग ठरव."

"जाई, पुरे गं," आई म्हणाली. पण काकू म्हणाली, "लिहू दे की. एका परिच्छेदाने काय बिघडतं?" काकाने चमकून तिच्याकडे पाहिलं. मीसुद्धा.

काकूचं काय झालं होतं ते तिने मला नंतर भांडी पुसताना सांगितलं. ठाण्याला तिला बघायला आले होते, तेव्हा तिच्या वडिलांनी अण्णांना विचारलं होतं, अमेरिकेत कुठलं विद्यापीठ म्हणालात? अण्णांनी नाव सांगितलं, कायद्यापासून सगळं समजावलं, अगदी मी आज सांगितलं तसं, हात हलवत. पाहुणे गेल्यावर तिचे वडील स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. वडील मात्र कुठल्या तरी हबशांच्या कॉलेजात होते म्हणे. असो, आपल्याला मुलाशी कर्तव्य." काकूला तेव्हा त्यात फार काही वाटलं नव्हतं. साखरपुड्यानंतर हॉटेलात डोसा खाताना तिने ते शिरीषकाकाला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. डोसा अर्धा ठेवला. आणि त्या दिवसापासून काकाच्या तोंडून ते नाव निघालं नाही. इतकी वर्षं काकू गप्प होती, कारण तिला वाटत होतं, नाव पुसलं गेलं ते आपल्या एका गमतीमुळे.

मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून फोनवर लिहिलं. बाहेर येऊन आधी काकाचा परिच्छेद वाचला, नीट, जोरात, मंडळाच्या मराठी शाळेत शिकवतात तसा: "थोर कृषिशास्त्रज्ञ, ज्ञानतपस्वी, अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठात..." मग माझा.

"अण्णा, अलाबामातल्या हॉथॉर्न ए अँड एम या कॉलेजात तुम्ही सात वर्षं शिकवलंत. ज्यांना दुसऱ्या कॉलेजांनी दारात उभं केलं नाही त्यांच्यासाठी ते काढलेलं होतं. तुम्ही तिथे शिकवायला गेलात आणि शिकून आलात. मिसेस हॅटींच्या शेतातली तुमची सरी वाळली तेव्हा तुम्ही ती बघायला परत गेलात. आम्हाला तुमच्या पदव्यांपेक्षा ती सरी जास्त आवडते."

आईने डोळ्यांना पदर... ओढणी लावली. काकू म्हणाली, "छान लिहिलंयस गं." अण्णा खाली बघत होते.

आणि काका म्हणाला, "परत गेले. हो. छान. उद्या टाळ्या वाजतील."

"दादा," बाबा म्हणाला.

"नाही, वाजतीलच. मीसुद्धा वाजवीन." काकाच्या हातात दिवा होता, त्याची पट्टी तो ओढत नव्हता, नुसती गुंडाळत होता. "त्या बाईच्या शेतावर परत गेले. मला टायफॉइड झाला होता, तेव्हा कोण आलं होतं? मी पाच-सहा वर्षांचा होतो. आई मला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली. रिक्षा नव्हती. मी तिच्या खांद्यावरून मागे बघत होतो, म्हणजे अण्णा येतील असं मला का कुणास ठाऊक वाटत होतं. तार केली होती मामांनी. केली होती ना?"

"मिळाली होती," अण्णा म्हणाले.

"मग?"

अण्णांनी हातातला दिवा मांडीवर ठेवला. "तिकीट मिळत नव्हतं, हे खरं. आणि पेरणीचे दिवस होते, हेही खरं."

"बघा. 'हेही खरं.'" काका हसला, पण ते बघवत नव्हतं. "जाई, तुला वाटतं मला त्या काळ्या लोकांची लाज वाटते. सुनेत्राच्या वडिलांनी काहीतरी म्हटलं म्हणून. ते होतं थोडं, नाही म्हणत नाही. तेव्हा मी तरुण होतो, मूर्ख होतो. पण ते नाव मला नको होतं, कारण ते नाव घेतलं की यांचा चेहरा उजळतो. आमच्या चाळीच्या, शाळेच्या, माझ्या नावाने कधी उजळला नाही तसा."

माझ्या हातातला फोन बंद झाला होता. मला तो परत सुरू करावासा वाटला नाही. मघाची उडी, ती 'जिंकलो', सगळं मला स्वतःचंच ऐकू आलं, मोठ्याने.

बाबा त्या वर्षांतलाच, अण्णांच्या एका सुट्टीनंतर जन्मलेला. अण्णा कायमचे परत आले तेव्हा तो तीन वर्षांचा. राहुरीच्या क्वार्टर्समध्ये अण्णांनी त्याला सायकल शिकवली, मातीची फीत काढायला शिकवलं, रात्री गोष्टी सांगितल्या. म्हणजे दादाच्या वाट्याचे वडील आपल्याला मिळाले, हे त्याला लहानपणापासून कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो दादाशी कधी वाद घालत नाही. कॉन्डो म्हटलं, कॉन्डो. बॅटरीचे दिवे म्हटलं, दिवे. हे त्याने मला कधी सांगितलेलं नाही. पण त्या वेळी तो उठला, काकाच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्याच्या हातातली गुंडाळलेली पट्टी स्वतः ओढून दिली. एवढंच. दिवा पिवळा लागला, न लुकलुकणारा.

"अण्णा," बाबा म्हणाला, "तुम्ही बोला काहीतरी."

"काय बोलू? तो बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "शिरीष, तिथं मला रोज कुणीतरी विचारायचं, डॉक, हे कसं करू? इकडं आलो की मला कुणाला काय विचारावं ते कळायचं नाही. तुझ्याशी काय बोलायचं ते कळायचं नाही. मग मी परत जायचो. पडलेली सरी बघायला परत जा, हे मी तिथं शिकलो. घरी वापरलं नाही. आता एक्याऐंशीचा झालो, आणखी काय सांगू. दमलो बाबा मी. उद्याचं रद्द केलंत तरी चालेल."

"रद्द कसलं करता!" काकू आणि आई एकदम म्हणाल्या. आईने वर पुस्ती जोडली, "पोळ्यांची ऑर्डर दिलीय."

काकाच्या तोंडून हसू फुटलं, खरंखुरं. दमलेल्या माणसाला हसू आलं की ते थांबत नाही, तसं. बाबाही हसायला लागला. काकूने कपाळाला हात लावला. "चहा टाकते मी," म्हणाली, "नाहीतर तुम्ही सगळे वेडे होणार."

चहा होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. आम्ही पट्ट्या ओढत राहिलो. काकाने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझा तो परिच्छेद. अजून एक वाक्य घाल."

"कुठलं?"

"की त्या वर्षांत इकडे घर आमच्या आईने चालवलं. विनीताने. नाव घालून लिही, 'त्यांच्या सहधर्मचारिणी' वगैरे नको. तिची पण ती सरी होती. ती पडली नाही, म्हणून कोणी बघायला आलं नाही."

मी लिहिलं. काका सांगेल तसं, त्याच शब्दांत. मग त्याने स्वतःच्या परिच्छेदातला 'एका नामांकित' काढायला सांगितला. "आणि तुझं ते 'शिकून आलात' बरं आहे," म्हणाला. "'ज्ञानतपस्वी' पण काढ. ते मी दुसऱ्या कोणाच्यातरी मानपत्रातून घेतलं होतं."

"कॉपी-पेस्ट?" मी म्हटलं.

"गप्प बस, डिस्को."

अण्णा आरामखुर्चीत होते. त्यांनी हात पुढे केला. काकाला ते आधी कळलंच नाही. मग त्याने त्या हातात एक दिवा ठेवला, पट्टी अर्धी ओढून, म्हणजे उरलेली त्यांना ओढता येईल.

संध्याकाळी पाचच्या सुमारास काका-काकू खोकी घेऊन टॅक्सीने निघाले. त्यांचा मुलगा रुचिर सक्तीच्या लष्करी सेवेत होता, तो कॅम्पमधून दुसऱ्या दिवशी सकाळी थेट तिकडेच येणार होता. लिफ्टच्या दारात काकू माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "उन्हात बसलीस तरी चालेल गं." आणि लिफ्ट बंद झाली.

अण्णा खुर्चीतच झोपले होते. जमिनीवर पारदर्शक पट्ट्यांचा थर साचला होता, पायाला चिकटत होता. समोरच्या ब्लॉकवर ऊन उतरलं होतं आणि एलआरटी रिकामीच वळण घेत गेली. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली. बाबाने लॅपटॉप उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"जाई," तो म्हणाला, "त्या अमेरिकेच्या अर्जांत हॉथॉर्न होतं ना?"

मी मान हलवली. कसं कळलं ते विचारलं नाही.

"आलं काही त्यांचं?"

"आलं. तीन आठवडे झाले."

आईने डोळे उघडले. "तीन आठवडे? आणि अकाउंटन्सी? अगं, मी सगळ्यांना..." तिने वाक्य सोडून दिलं. तिला भांडायचं होतं पण अंगात त्राण नव्हतं, हे दिसत होतं. "इतक्या लांब. तिथे कोण आहे आपलं?"

"बघितलंस ना आज," बाबा हळू आवाजात म्हणाला. अण्णा जागे होऊ नयेत म्हणून. "काय होतं ते माणूस लांब गेला की. चाळीस-पन्नास वर्षं झाली, अजून दादाच्या मनातून जात नाही."

सकाळी मी हे कसं सांगायचं त्याची प्रॅक्टिस केली होती. त्यात १८६२ होतं, १८९० होतं, सिंगापूरला बहुतेक भाजी बाहेरून आणावी लागते हेही होतं. टिपिकल डिबेट टीम. त्यातलं काहीच आता बोलावंसं वाटेना. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, पट्ट्यांवरच. कपातला गार झालेला चहा पिऊन टाकला. आधी जेवायचं, मग बोलायचं.

"बघितलं," मी म्हणाले. "म्हणून नीट ऐका. अकाउंटन्सीची सीट मी सोडतेय. हॉथॉर्नला जातेय, माती शिकायला. दर सुट्टीत घरी येणार. तुमच्यापैकी कोणी आजारी पडलं, तर पेरणी असली तरी येणार. आणि माझी सरी वाळली, तर ते फोनवर सांगणार नाही. इथे येऊन, तुमच्यासमोर उभी राहून सांगणार."